बेसमेंटमधला बार: आधी पाणी, मग माणसं, लाकूड शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मध्य न्यू जर्सीत १९९०च्या दशकातलं घर, उघड्या काँक्रीटच्या भिंतींचं बेसमेंट आणि त्यातला १४ बाय २२ फुटांचा मोकळा भाग. मध्ये एक लोखंडी खांब. १४ फुटी भिंतीच्या पलीकडे पुढेमागे बाथरूम करता यावं म्हणून बिल्डरनं पाइप काढून ठेवलेत. घरात तुम्ही दोघं, दहा आणि चौदा वर्षांची मुलं, आणि दरवर्षी सहा महिने पुण्याहून येणारे आईबाबा. बाबांचे गुडघे दुखतात. महिन्यातून एकदा मित्र जमतात, तुम्ही धरून पाच-सहा जण. कंत्राटदारानं लांब भिंतीला, खिडकीखाली, सहा स्टुलांचा सरळ उंच बार काढून दिलाय आणि लाकडाचे नमुनेही आणून ठेवलेत. आकार बरोबर आहे का, सिंक हवंच का, वरचा काउंटर कशाचा करावा आणि सुरुवात कुठून करावी, हे तुम्हाला हवंय.

मी गेली अठरा वर्षं न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात बेसमेंटची कामं करते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत. लाकडाचे नमुने परत पाठवा. बारची सुरुवात जमिनीतल्या ओलीपासून होते, मग तिथे बसणाऱ्या-उठणाऱ्या माणसांकडे जाते, आणि लाकूड सगळ्यात शेवटी येतं. हा क्रम उलटा झाला की पैसा दिसणाऱ्या वस्तूंवर संपतो आणि न दिसणाऱ्या गोष्टी राहून जातात.

ओल बघायची साधी पद्धत आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, जमिनीवर चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि किमान सोळा तास तसाच ठेवा. तीन-चार ठिकाणी करा, त्यातला एक तुकडा बाहेरच्या भिंतीला लागून असू द्या. उचलल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं असेल, तर ओल खालून येतेय. भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड धरलीय का तेही बघा. पाणी काँक्रीटमधून येऊन वाळताना क्षार मागे ठेवतं, त्याची ती खूण. ओल सापडली म्हणून घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा गटर तुंबलेलं असतं, छपराच्या पाण्याचा पाइप भिंतीच्या पायाशीच रिकामा होत असतो, किंवा घराभोवतीची माती दबून उतार घराकडे झालेला असतो. ही कामं बाहेरची आणि स्वस्त आहेत. ती करा, एक पावसाळी महिना जाऊ द्या, मग पुन्हा प्लास्टिक लावा. आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, लागेलच. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत राहील असा ठेवा.

याच वेळी रेडॉनची चाचणी करून घ्या. जमिनीतून येणारा हा किरणोत्सारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. सॉमरसेट, हंटरडन, मॉरिस या भागांत त्याचं प्रमाण जास्त असलेली पुष्कळ गावं आहेत. आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून वर आला तर उपाय करा, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. उपाय म्हणजे काँक्रीटखालून हवा खेचून छपरावर सोडणारा पाइप आणि पंखा. बेसमेंट उघडं असताना हे एका दिवसाचं काम असतं. बार, छत, फरशी सगळं झाल्यावर तोच पाइप कुठून न्यायचा यावर डोकं फोडावं लागतं.

सम्प पंपाबद्दल, म्हणजे जमिनीखालचं पाणी खड्ड्यात जमवून बाहेर फेकणाऱ्या पंपाबद्दल, थोडं मनातलं सांगते. माझ्या सुरुवातीच्या एका कामात बारची कपाटं मी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळ्यांची, करून घेतली होती. रंग सुंदर बसला होता, कडा आरशासारख्या होत्या. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस आला, त्या घराची वीज गेली आणि सम्प पंप बंद पडला. पाणी आलं जेमतेम दोन इंच. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा कपाटांचे खालचे काठ भिजलेल्या पावासारखे फुगलेले होते. दार उघडायला गेले तर बिजागरी स्क्रूसकट हातात आली. वरचा ग्रॅनाइटचा तुकडा ठणठणीत होता, पण खाली त्याला उचलून धरणारं काही उरलं नव्हतं. त्या घरच्या ताईंनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून बेसमेंटमध्ये जमिनीपासून पहिल्या चार इंचांत एमडीएफ नाही, पार्टिकल बोर्ड नाही, कागद लावलेली जिप्समची ड्रायवॉलही नाही. फ्रेमची खालची पट्टी प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या, लाकडाची आणि तिच्याखाली फोमची गादी. कपाटं प्लायची, प्लास्टिकच्या कमी-जास्त होणाऱ्या पायांवर उभी. पुढची फळी जमिनीपासून अर्धा इंच वर, आणि खालची बॉर्डर पीव्हीसीची. पंपाला बॅटरी बॅकअप. हे सगळं मिळून होणारा खर्च त्या एका रात्रीपेक्षा फार कमी आहे. विम्याचे कागदही काढून बघा. घराचा नेहमीचा विमा पुराचं पाणी धरत नाही, आणि पंप बंद पडून आलेल्या पाण्यासाठी बहुतेक वेळा वेगळी जोड घ्यावी लागते.

आता जागा. कंत्राटदारानं दाखवलेला बार लांब भिंतीला आहे, म्हणजे त्या भिंतीपासून पुढे फक्त १४ फूट मिळतात. माणसं धरून मोजा. मागच्या भिंतीला २४ इंचांची कपाटं आणि फ्रिज. मग यजमानाला उभं राहायला, वाकायला आणि फ्रिजचं दार उघडायला ३६ इंच. तीस इंचांत चालतं असं म्हणणारे भेटतील, पण तीस इंचांत फ्रिजचं दार उघडं असताना दुसरा माणूस मागून जाऊ शकत नाही. मग आतल्या बाजूला १८ इंचांचा कामाचा ओटा. मग बारची उभी भिंत, दोन्ही बाजूंच्या फळ्या धरून ५ इंच. पाहुण्यांच्या बाजूला काउंटरचा १२ इंच पुढे आलेला भाग. ही बेरीज ९५ इंच. त्या कडेपासून पुढे स्टुलावर माणूस बसलेला असताना मागून दुसऱ्याला चालत जायला ४४ इंच हवेत. एकूण १३९ इंच, म्हणजे ११ फूट ७ इंच. लांब भिंतीला बार केला तर समोर जेमतेम अडीच फूट उरतात. तिथे सोफा नाही, टीव्ही नाही, मुलांना कॅरम मांडायलाही जागा नाही. सगळं बेसमेंट म्हणजे बारसमोरची बोळकांडी होईल.

म्हणून बार १४ फुटांच्या त्या छोट्या भिंतीला न्या, जिच्या पलीकडे बाथरूमचे पाइप आहेत. त्या भिंतीपासून पुढे २२ फूट आहेत. त्यातले ११ फूट ७ इंच बारनं घेतले तरी दहा फुटांवर जागा बैठकीला उरते, आणि पाणीही भिंतीपलीकडेच मिळतं.

सहा स्टुलं एका ओळीत लावायच्या मी विरोधात आहे. सहा माणसं एका रेषेत बसली की पहिल्याला सहाव्याचं बोलणं ऐकू जात नाही आणि मधली दोघं सतत मान वळवत राहतात. इंग्रजी एल आकार घ्या. १४ फूट म्हणजे १६८ इंच. एका टोकाला आत जायला ३६ इंच सोडा. दुसऱ्या टोकाला छोट्या बाजूवर बसणाऱ्यांच्या खुर्च्यांसाठी ३६ इंच. मधे उरतात ९६ इंच, म्हणजे आठ फुटांची समोरची बाजू. दर माणशी २६ इंच धरले की तीन स्टुलं ७८ इंचांत बसतात आणि उरलेले १८ इंच कोपऱ्याला जातात. तेवढे लागतातच, नाहीतर कोपऱ्यावरच्या दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात. छोट्या बाजूवर दोघं. झाले पाच. सहावा यजमान, आणि तो आत उभा असतो. तुमची बैठक पाच-सहा जणांची आहे, म्हणजे हिशेब जुळला.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. समोरची आठ फुटांची बाजू ४२ इंच उंच करा, पण छोटी बाजू ३० इंचांवर उतरवा, जेवणाच्या टेबलाइतकी. ४२ इंचांच्या बारला ३० इंच उंच बैठकीचं स्टूल लागतं. बाबांना त्या स्टुलावर चढायला लावू नका. ते एकदा चढतील, तुमच्या आग्रहाखातर, आणि पुढच्या वेळी "मी सोफ्यावरच बरा आहे" म्हणतील. मग सगळे बारशी आणि ते एकटे टीव्हीसमोर. हे मी अनेक घरांत पाहिलंय. ३० इंचांच्या बाजूला साधी पाठीची खुर्ची लागते, हातांना आधार मिळतो आणि पाय जमिनीला टेकतात. आई तिथे चहा घेतील, मुलगा गृहपाठ करेल, आणि घरातला एकही माणूस पिणारा नसला तरी ती जागा रोज वापरात राहील. फक्त उंची कमी झाली की गुडघ्यांना जास्त खोल जागा लागते, हे ध्यानात ठेवा: ४२ इंचांच्या काउंटरखाली १२ इंच पुरतात, ३६ इंचांच्या खाली १५ हवेत, ३० इंचांच्या खाली १८.

हे कागदावर पटवून घेऊ नका. शनिवारी सकाळी निळी टेप घ्या आणि आकृती जमिनीवर खऱ्या मापात चिकटवा. घर बदलताना ठेवलेली खोकी असतीलच. ती एकावर एक रचून ४२ इंच भरा आणि वर एखादी फळी किंवा जुनं कपाटाचं दार ठेवा. शेजारच्यांकडून उंच स्टूल मागून आणा. एकानं आत उभं राहायचं, एकानं टेपवरच्या फ्रिजचं दार उघडल्यासारखं करायचं, एकानं हातात ताट घेऊन आत-बाहेर करायचं. माझ्याकडच्या एका कुटुंबात हे करताना सासरे टेपच्या रेषेवर खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, "मला इथून जिना दिसत नाही, कोण आलं ते कळत नाही." आम्ही बार नऊ इंच सरकवला. नकाशात ती गोष्ट कुणालाच दिसली नसती.

खांबाचं. तो काढायचा विचार कुणी सुचवला तर त्या माणसाला बाहेरची वाट दाखवा. घराच्या मधल्या तुळईचा भार त्याच्यावर उभा असतो. तो भिंतीत लपवा. हे खांब बहुतेक साडेतीन इंच व्यासाचे असतात आणि टू-बाय-फोर मापाच्या लाकडाच्या फ्रेमची जाडीही साडेतीन इंचच असते, म्हणजे बारच्या उभ्या भिंतीत तो बरोबर मावतो. वरच्या मापांप्रमाणे ती भिंत मागच्या भिंतीपासून ७८ ते ८३ इंचांच्या पट्ट्यात येते. तुमचा खांब किती अंतरावर आहे ते आजच मोजा. तो पाच-सहा इंच पुढे असेल तर आतला रस्ता ३६चा ४२ करा. दोघांना आत काम करायला तेच उलट सोयीचं. खांबाचा जो भाग काउंटरच्या वर राहील त्याला लाकडाची चौकट करून घ्या, नंतर त्यावर फोटो लावता येतात.

विजेचं पॅनेल त्या भागात असेल तर त्याच्यासमोर ३६ इंच खोल आणि ३० इंच रुंद जागा कायम मोकळी लागते. तिथे कपाट, फ्रिज, बाटल्यांचा रॅक, काहीही चालत नाही. नियम तर आहेच, पण पॅनेलपर्यंत पोचून तिथे सुरक्षितपणे काम करता यावं हे त्यामागचं कारण आहे.

सिंक हवंच का? तुमच्या घराला हो. सिंक नसलेला बार म्हणजे बाटल्या दाखवायचं कपाट. कांदा-लिंबू चिरायचं, शेंगदाण्यात मसाला कालवायचा, ग्लास विसळायचे, आणि दर वेळी जिना चढायचा हे दोन महिन्यांत थांबतं आणि मग सगळे पुन्हा वरच्या स्वयंपाकघरातच जमतात. मात्र शोभेचं छोटं गोल सिंक घेऊ नका. त्यात वाइनचा ग्लास आडवाही मावत नाही. किमान १८ इंच रुंद आणि ८-९ इंच खोल चौकोनी स्टीलचं घ्या, आणि नळ उंच मानेचा. ते मागच्या ओट्यात बसवा, पाइप तिकडेच आहेत.

खरा प्रश्न सांडपाण्याचा असतो. वर पाणी आणायला अर्ध्या इंचाची पेक्स (प्लास्टिकची) नळी पुरते, पण खाली गेलेलं पाणी उतारानं वाहिलं पाहिजे, फुटाला पाव इंच. बेसमेंटमध्ये घराचा मुख्य सांडपाण्याचा पाइप काही ठिकाणी काँक्रीटखालून जातो, काही ठिकाणी भिंतीतून कमरेच्या उंचीवर बाहेर पडतो. तुमचा कसा आहे ते बघा. खालून जात असेल तर प्लंबर काँक्रीटमध्ये चर कापून तुमचा पाइप बाथरूमच्या ठेवलेल्या पाइपाला जोडेल. धूळ होईल, पण एकदाच. भिंतीतून वर जात असेल तर पाणी उचलणारा पंप लागेल. पुढे बाथरूम करायचं नक्की असेल तर दोन्हीसाठी एकच मोठा इजेक्टर पंप आत्ताच बसवा. नसेल तर सिंकखाली मावणारा छोटा पंप चालतो, फक्त त्याला हवेचा व्हेंट हवा आणि दुरुस्तीला हात जाईल अशी जागा हवी. एक गोष्ट अजिबात होऊ देऊ नका: सिंकचं पाणी सम्पच्या खड्ड्यात सोडणं. तो खड्डा जमिनीखालच्या स्वच्छ पाण्यासाठी असतो आणि त्याचा पंप ते पाणी अंगणात टाकतो. साबणाचं, बिअरचं, उष्ट्याचं पाणी त्यात गेलं की वास घरभर, आणि ते बेकायदाही आहे. "शेजारी असंच केलंय" असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. पाण्याच्या नळ्या बाहेरच्या भिंतीतून नेऊ नका. जानेवारीत गोठून फुटतात.

परमिट काढा. बांधकाम, वीज, प्लंबिंग यांची तपासणी वेगवेगळी होते आणि ड्रायवॉल लावण्याआधी इन्स्पेक्टरला आतलं सगळं उघडं दिसलं पाहिजे. परमिटशिवाय केलेलं काम घर विकताना पुढ्यात येतं, आणि तेव्हा भिंत फोडून दाखवावी लागते. बारमध्ये शेगडी किंवा ओव्हन टाकू नका. दुसरं स्वयंपाकघर झालं की टाउनशिपला ते वेगळं बिऱ्हाड वाटू शकतं आणि झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेचा वापर कशासाठी करता येतो त्या नियमांचा, प्रश्न उभा राहतो. साधा मायक्रोवेव्ह पुरे.

विजेचं पटकन सांगते. फ्रिजला स्वतंत्र सर्किट. ओट्यावर दोन आउटलेट, त्यातलं एक मायक्रोवेव्हसाठी वेगळ्या सर्किटवर. २०२०च्या राष्ट्रीय विद्युत संहितेपासून बेसमेंटमधल्या सगळ्याच नेहमीच्या आउटलेटना जीएफसीआय संरक्षण (वीज गळू लागली की क्षणात ती तोडणारी सोय) लागतं, नुसत्या सिंकजवळच्यांनाच नव्हे. दिवे २७०० केल्व्हिनचे, डिमरवर. एलईडीच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा म्हणजे ठिपके दिसत नाहीत, आणि त्यांचा ड्रायव्हर (वीज पुरवणारा डबा) हात पोचेल अशा कपाटात ठेवा, कारण पट्टीच्या आधी तोच जातो.

फ्रिज घेताना त्याची गरम हवा कुठून बाहेर पडते ते बघा. कपाटात बसवायचा असेल तर पुढून हवा सोडणाराच हवा. मागून सोडणारा स्वस्त असतो, पण चारी बाजूंनी कोंडला की त्याचा कॉम्प्रेसर दमतो. दोन लिटरची सोड्याची बाटली उभी मावते का तेही दुकानातच बघा. पारदर्शक बर्फाचं मशीन मोहक दिसतं, पण त्याला सांडपाण्याची जोड लागते आणि त्याची बर्फाची पेटी थंड केलेली नसते, बर्फ वितळत राहतो आणि मशीन दिवसरात्र नवा करत राहतं. महिन्यातून एका बैठकीसाठी मी ते घेऊ देत नाही. वरच्या फ्रीझरमध्ये साच्यात केलेला बर्फ पुरतो.

आता लाकूड आणि दगड. आधी उंचीची एक चूक सांगते, ती चांगल्या सुतारांकडूनही होते. ४२ इंच हे तयार फरशीपासून मोजायचे असतात. फ्रेम काँक्रीटवर उभी राहते, फरशी नंतर येते. म्हणून फरशीची जाडी आधी ठरवा. वरचं लाकूड किंवा दगड सव्वा इंच, त्याखाली पाऊण इंचाचा प्लाय, म्हणजे फ्रेम तयार फरशीपासून ४० इंचांवर थांबली पाहिजे. पाय ठेवायचा पितळी दांडा हवा असेल तर तो जमिनीपासून ७-८ इंचांवर येतो. त्याचे ब्रॅकेट जिथे येणार तिथे फ्रेममध्ये आडवे लाकडी ठोकळे आधीच बसवून घ्या. नुसत्या फळीत मारलेले स्क्रू माणसांच्या वजनानं वर्षभरात सैल होतात.

समोरच्या उंच बाजूला मी लाकूड सुचवेन आणि मागच्या सिंकच्या ओट्याला दगड. हात टेकून बसायला लाकूड उबदार लागतं, आणि पुढच्या कडेला गोल हातटेकणी बसवली की मनगटाला कड बोचत नाही. ओक किंवा मेपल घ्या, खिसा परवानगी देत असेल तर वॉलनट. लाकूड श्वास घेतं. इथे उन्हाळ्यात हवा दमट आणि हिवाळ्यात हीटिंगमुळे कोरडीठाक, त्यामुळे १८ इंच रुंदीची ओकची फळी आडव्या दिशेनं पाव इंचापर्यंत कमी-जास्त होऊ शकते. ती खालून चिकटवून टाकली तर फाटते. स्क्रूची भोकं लांबट ठेवायची म्हणजे फळीला सरकायला वाव मिळतो. आणि लाकूड आणल्यावर दोन आठवडे त्याच बेसमेंटमध्ये ठेवून मगच कापायचं.

पॉलिशबद्दल. माझे वडील सांगलीला सुतारकाम करायचे. लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यानं हात गोल गोल फिरवत ते पॉलिश चढवायचे. तसली झळाळी मी इथे कुठल्याच डब्यातून आलेली पाहिली नाही. तरीही बारवर ते लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि व्हिस्कीतही तेच अल्कोहोल आहे. ग्लासाच्या बुडाशी सांडलेला एक थेंब रात्रभर राहिला की सकाळी पांढरं कडं उमटलेलं दिसतं. बारच्या पृष्ठभागाला पॉलियुरेथेनचे तीन-चार हात द्या, दोन हातांमध्ये बारीक कागद मारून. वडिलांच्या पद्धतीचं पॉलिश हवंच असेल तर ते मागच्या भिंतीच्या चौकटीला करा, जिथे काही सांडत नाही.

मागच्या ओट्याला संगमरवर नको. लिंबाचा रस त्याला खातो, चमक गेलेले डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. आपल्या घरात लिंबू, कोकम, हळद हे रोजचं आहे. ग्रॅनाइट चालेल, त्याला अधूनमधून सीलर लावत राहा. क्वार्ट्झला सीलर लागत नाही, पण त्यात राळ असते, त्यामुळे वरून आणलेली तापलेली कढई थेट त्यावर ठेवायची नाही.

बाटल्यांच्या फळ्यांचं वजन लोक विसरतात. भरलेली ७५० मिलिलिटरची बाटली सव्वा ते दीड किलोपर्यंत जाते. तीन फुटांच्या फळीवर एका ओळीत दहा बाटल्या, दोन ओळी केल्या की पंचवीस-तीस किलो झाले. पाऊण इंचाच्या प्लायला अडीच फुटांवर आधार द्या. दोन फळ्यांत खालच्या खणाला १६ इंच आणि वरच्यांना १४ इंच अंतर ठेवा.

आणि ती मागची भिंत झाकता आली पाहिजे. तुमच्याकडे चौदा वर्षांचा मुलगा आहे, म्हणून बाटल्यांच्या खालच्या कपाटाला खरं कुलूप लावा, चुंबकाचं नाही. वरच्या उघड्या फळ्यांवर ग्लास, तांब्याची भांडी, पुस्तकं ठेवा. आईबाबा असताना, किंवा गणपतीत मंडळी खाली आरतीला जमली की, समोर बाटल्यांची रांग दिसू नये असं पुष्कळ घरांत वाटतं. कुणी मोकळेपणानं सांगतं, कुणी संकोचतं. मी आता न विचारताच मागच्या भिंतीला सरकती लाकडी दारं काढून देते. ती ओढली की तिथे फक्त एक चांगली भिंत उरते आणि पुढे आठ फुटांचा ओटा, ज्यावर प्रसादाची ताटं मांडता येतात. एका घरी मी त्याच ओट्यावर मंडळाच्या नाटकाच्या तालमीनंतर तीस जणांची मिसळ वाढलेली पाहिलीय. त्या बाईंनी बार कुणासाठी केला होता आणि तो कुणाकुणाच्या उपयोगी पडतोय, हे बघून मला फार बरं वाटलं.

खर्चाला कात्री लावायची असेल तर लाकडाची जात उतरवा, पितळी दांडा पुढच्या वर्षावर टाका, महागडा वाइन कूलर सोडा. पंपाचा बॅकअप, प्लंबिंग, प्रेशर-ट्रीटेड फ्रेम आणि विजेची सर्किटं यांत एक डॉलरही कमी करू नका. या गोष्टी नंतर घालायच्या म्हणजे सगळं उखडावं लागतं.

आईबाबा मार्चमध्ये येणार असं तुम्ही लिहिलंय. मग रेडॉनचं किट याच आठवड्यात लावा. थंडीत खिडक्या तशाही बंद असतात आणि किमान ४८ तास लागतात. प्लास्टिकचे तुकडे त्याच दिवशी चिकटवा. मला दोन मापं कळवा: मागच्या भिंतीपासून खांबाचं अंतर, आणि सांडपाण्याचा मुख्य पाइप जमिनीपासून किती उंचीवर बाहेर पडतो ते. टेप मात्र आईबाबा येईपर्यंत काढू नका. बाबांना त्या ३० इंचांच्या बाजूला खुर्ची घेऊन बसू द्या, आणि फ्रेमिंगची तारीख त्यानंतरचीच घ्या.